मालवण ते उत्तर ध्रुव, व्हाया टिळक

लोकमान्य टिळक उत्तर ध्रुवावर कधी गेले नाहीत. पण ध्रुवावर उभं राहिल्यावर माणसाला काय काय दिसेल याची नेमकी, मुद्देसूद यादी त्यांनी १९०३ साली पुण्यात छापून ठेवली आहे. गंमत म्हणजे तोपर्यंत ध्रुवावर कुणीच पोचलेलं नव्हतं. ना टिळक, ना गोरे साहेब.

ही यादी मला भेटली ती वेगळ्याच कामात. गेले चारेक महिने आम्ही तिघं मित्र स्वालबार्डला जायचं घाटतोय. स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्याही वर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत पसरलेला बर्फाळ बेटांचा पुंजका. गोवा झालं, लेह झालं, आता पुढे काय, असा साधा हिशोब. एक्सेल शीट तयार झाली. तिच्यात एक कॉलम होता, 'कोणत्या महिन्यात काय दिसेल'. तो भरायला म्हणून वाचत सुटलो आणि फिरत फिरत थेट टिळकांच्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'वर येऊन आदळलो. शीट राहिली बाजूला, पुस्तकच वाचत बसलो. आजचा लेख त्यातून निघालाय. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. आमचं मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ मध्ये), म्हणजे तसे ते आमच्याच जिल्ह्यातले. शाळेत आपल्याला भेटतात ते शेंगांची टरफलं न उचलणारे टिळक आणि 'केसरी'चे टिळक. पण हा माणूस मुळात गणिताचा पदवीधर. १८९३ मध्ये त्यांनी 'ओरायन' लिहिलं आणि मृग नक्षत्राच्या जागेवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला. पुढे १८९७ मध्ये पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि 'केसरी'तल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला. २७ जुलै १८९७ ला अटक, सप्टेंबरात दीड वर्षाची शिक्षा. तुरुंगात त्यांना मॅक्सम्युल्लरने आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत पाठवली. त्यांच्या सुटकेच्या अर्जावरही मॅक्सम्युल्लरची सही होती. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले. ध्रुवाचं पुस्तक बाहेर आलं ते १९०३ मध्ये.

पुस्तकाचा दावा एका वाक्यात सांगायचा तर असा: हिमयुग संपण्याआधी वैदिक लोकांचे पूर्वज उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात राहत होते, आणि त्या आठवणी वेदांत शिल्लक आहेत.

हा दावा बरोबर की चूक त्याकडे नंतर येतो. आधी ती यादी बघू, कारण ती खरंच भारी आहे. टिळकांची पद्धत एखाद्या चांगल्या इंजिनिअरसारखी आहे. ते म्हणतात, ध्रुवावरचं आकाश कसं दिसेल ते आधी गणिताने ठरवू आणि मग वेदांत तसं काही सापडतं का ते पाहू. म्हणजे आधी टेस्ट केस, मग कोड.

मालवणच्या किनाऱ्यावरून ही यादी समजून घेणं सोपं आहे. मालवण साधारण १६ अंश उत्तरेला. म्हणून ध्रुवतारा आपल्याला उत्तर क्षितिजापासून १६ अंशच वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे एक मूठ आणि वर तीन बोटं, तिथे ध्रुवतारा. जुने अरब नावाडी 'कमाल' नावाच्या फळीने हेच मोजायचे आणि आपण किनाऱ्याला कुठवर आलो ते ओळखायचे. उत्तरेला निघालात की तारा वर चढत जातो. पुण्या-मुंबईत दोन मुठींच्या जरा आत. स्वालबार्डच्या मुख्य गावात, लाँगइयरब्येनला, जवळजवळ आठ मुठी. आणि ध्रुवावर थेट डोक्यावर.

तारा डोक्यावर आला की बाकी सगळं आपोआप ठरतं. ध्रुवावर तारे उगवत नाहीत, मावळतही नाहीत. क्षितिजाला समांतर गोल फिरत राहतात, कुंभाराच्या चाकासारखे. सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि एकदाच मावळतो. सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र. आणि सगळ्यात भन्नाट म्हणजे पहाट. आपल्याकडे सड्यावर उजाडायला लागलं की तासाभरात लख्ख होतं. ध्रुवावर ती तांबूस प्रभा दीड-दोन महिने टिकते, आणि तीसुद्धा एका जागी नाही. रोज क्षितिजाभोवती एक फेरी मारते.

हे झालं नेमकं ध्रुवाचं. ध्रुवाच्या आसपासच्या प्रदेशासाठी टिळकांनी दुसरी यादी केली आहे. तिथे वर्षाचे तीन भाग पडतात: एक सलग मोठा दिवस, एक सलग मोठी रात्र, आणि या दोन्हींच्या मधल्या काळात आपल्यासारखे रोजचे दिवस-रात्र. सूर्य कायम डोक्याच्या दक्षिणेला. (मालवणात तसं नाही. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पाहायला ऊन असलं तर!)

आमच्या शीटमधला तो कॉलम मी याच दुसऱ्या यादीवरून भरला आणि मग इंटरनेटवरच्या तक्त्यांशी ताडून पाहिला. लाँगइयरब्येनला साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळत नाही, ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही, आणि उरलेल्या दिवसांत रोज उगवतो-मावळतो. तीन भाग, तंतोतंत. सव्वाशे वर्षांपूर्वीचं गाईडबुक आहे आणि एक ओळ बदलावी लागत नाही.

आता टिळकांनी ही यादी वेदांवर कशी लावली ते पाहू. ऋग्वेदात उषेची सूक्तं पुष्कळ. टिळक विचारतात, रोज तासभर येऊन जाणाऱ्या पहाटेचं एवढं कौतुक कशाला? एका सूक्तात पहिली प्रभा आणि सूर्योदय यांच्यामध्ये बरेच दिवस गेल्याचा उल्लेख त्यांना दिसतो. तैत्तिरीय संहितेत तीस उषा-बहिणी येतात. ते म्हणतात, ही तीस दिवसांची एकच लांब पहाट. दहा महिन्यांत यज्ञ संपवणारे 'दशग्व' येतात. ते म्हणतात, उरलेले दोन महिने रात्र होती. देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचं एक वर्ष, ही तर आपल्या पंचांगातली ओळखीची गोष्ट.

वाचताना माणूस हळूहळू पटत जातो. मला वाटतं म्हणूनच हे पुस्तक मरत नाही. आजही व्हॉट्सॲपवर 'टिळकांनी सिद्ध केलं' असं म्हणत ते फिरत असतं. पाठवणाऱ्याने पुस्तक उघडलेलं असतंच असं नाही, हा भाग वेगळा.

पण 'सिद्ध केलं' म्हणजे काय? हे समजायला त्याच दहा वर्षांतल्या आणखी दोन माणसांच्या योजना बघाव्या लागतील. ते दोघं खरोखर ध्रुवाकडे निघाले होते, आणि दोघांच्याही कहाण्यांचा धागा स्वालबार्डला येऊन मिळतो.

पहिला नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन. 'जॅनेट' नावाचं एक अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष सापडले कुठे, तर ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर! पार पलीकडच्या टोकाला. उधाणात पुळणीवर कुठलं तरी लाकूड येऊन लागतं आणि आमच्याकडचा जुना रापणवाला त्याच्यावरून पाण्याची ओढ सांगतो, तसाच हा प्रकार. नान्सेनने अनुमान काढलं की ध्रुवाजवळचा बर्फ स्थिर नाही, तो वाहतो. मग त्याने 'फ्राम' नावाचं गोलसर बुडाचं जहाज बांधून घेतलं. बर्फाने दाबलं की ते चिरडायच्या ऐवजी वर उचललं जाईल, असं. आणि १८९३ मध्ये ते मुद्दाम बर्फात अडकवलं. बर्फ वाहत असेल तर जहाज पलीकडे निघेल, नसेल तर अडकून राहील. तीन वर्षं ते वाहत राहिलं. अधे १८९५ मध्ये नान्सेन एका सोबत्याला घेऊन स्कीवरून निघाला आणि ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत जाऊन परतला. तोवर इतक्या उत्तरेला गेल्याची कुणाचीच नोंद नव्हती. ऑगस्ट १८९६ मध्ये 'फ्राम' बर्फातून मोकळं झालं ते स्वालबार्डच्या जवळ. एकही माणूस दगावला नाही.

दुसरा स्वीडनचा सालोमोन आंद्रे. 'फ्राम' बर्फातून सुटून स्वालबार्डच्या डॅन्स बेटाशी आलं तेव्हा हा माणूस नेमका तिथेच होता. हायड्रोजनच्या बलूनमधून ध्रुव ओलांडायची त्याची योजना होती. देशाचा राजा आणि आल्फ्रेड नोबेल यांचं आर्थिक पाठबळ, वर्तमानपत्रांतून गाजावाजा, सगळं होतं. फक्त बलून गळत होता. शिवणीच्या असंख्य बारीक भोकांतून गॅस जायचा. त्याच्या टीममधल्या नील्स एकहोल्म या हवामानतज्ज्ञाने मोजमाप करून हे दाखवून दिलं. नंतर त्याला असंही कळलं की आंद्रे गुपचूप जास्तीचा गॅस भरवत होता, म्हणजे गळती दिसू नये. एकहोल्मने मोहीम सोडली. (प्रॉडक्शनला जायच्या आदल्या रात्री बग दाखवणाऱ्या टेस्टरचं काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. :) )

११ जुलै १८९७ ला आंद्रे दोन साथीदारांसह उडाला. उडतानाच बलूनला दिशा देण्यासाठी लावलेल्या दोरांचा बराचसा भाग तुटून खाली राहिला. तीन दिवसांत बलून बर्फावर उतरला. तिघं बर्फावरून पायी चालत निघाले आणि ऑक्टोबरात क्वीटोया नावाच्या बेटावर पोचले. तिथेच संपले. ते सापडले तेहेतीस वर्षांनी, १९३० मध्ये. सोबत डायऱ्या, आणि कॅमेऱ्यातली फिल्म, तीसुद्धा धुतल्यावर चित्रं निघतील अशा अवस्थेत. आंद्रे उडाला त्यानंतर सोळा दिवसांनी इकडे मुंबईत टिळकांना अटक झाली.

आता टिळकांना या दोघांच्या शेजारी बसवून बघा. पद्धत नान्सेनची. वेदांतले तुकडे म्हणजे किनाऱ्याला लागलेले जहाजाचे अवशेष, त्यावरून प्रवाह कुठून आला ते ओळखायचं. त्यात लबाडी काडीची नाही. गळती लपवणारे टिळक नव्हेत. त्यांना अडचणी दिसतात आणि ते त्या छापतातही. तीस उषा म्हणजे महिन्याचे तीस दिवस, हा सायणाचार्यांचा साधा अर्थ ते पुस्तकात मांडतात आणि मग खोडून काढायचा प्रयत्न करतात. पण नान्सेनकडे एक गोष्ट होती जी टिळकांकडे नव्हती. नान्सेनला जहाज बर्फात घालून बघता आलं. बर्फ 'नाही' म्हणू शकत होता. टिळकांच्या अनुमानाला 'नाही' म्हणायला १९०३ साली कुणीच नव्हतं.

नंतर आलं. आणि उत्तर 'नाही' असंच आलं.

एक तर हिमयुगाचा हिशोब. तो शेवटचा कधी संपला याबद्दल तेव्हा वाद होता. क्रॉल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाच्या गणिताप्रमाणे सुमारे ऐंशी हजार वर्षांपूर्वी, तर अमेरिकन भूशास्त्रज्ञांच्या मते दहाएक हजार वर्षांपूर्वी. टिळकांनी अमेरिकनांची बाजू घेतली, आणि ती बरोबर निघाली. आजचा आकडा आहे सुमारे ११,७०० वर्षं. पण त्यांची कल्पना अशी होती की त्याआधी ध्रुवप्रदेश सुखद होता आणि मग बर्फ आला. प्रत्यक्षात हिमयुग संपण्याआधीच्या हजारो वर्षांत थंडी ऐन भरात होती. सुखद ध्रुवप्रदेश शोधायचा तर सव्वा लाख वर्षं मागे जावं लागतं.

दुसरं, ध्रुवावर जमीनच नाही. समुद्र आहे, चार किलोमीटरच्या आसपास खोल, वर तरंगता बर्फ. त्याभोवतीच्या किनाऱ्यांवर मात्र माणसं होती. सायबेरियात याना नदीकाठी, ७० अंशांच्याही उत्तरेला, तीस हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची वस्ती सापडली आहे. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. हे वाचून टिळक खूश झाले असते. पण ते मॅमथ मारणारे लोक, आणि त्यांचा वेदांशी दुवा जोडणारं काही हाती नाही. भाषाशास्त्र आणि २०१९ मध्ये आलेला प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास यांचं बोट दुसरीकडेच जातं, युरेशियाच्या गवताळ पट्ट्याकडे. तो ध्रुवापासून पुष्कळ दक्षिणेला आहे.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो असं आपल्या सूर्यसिद्धांतातही आहे. ते लिहिणारे काही ध्रुवावर गेले नव्हते. पृथ्वी गोल आणि सूर्याची वाट तिरकी, एवढं ठाऊक असलं की हे कागदावर निघतं. टिळकांनाही याची जाणीव होती. ते म्हणतात, सिद्धांतकारांना गणित येत होतं, पण त्यांच्या आधीच्या वैदिक लोकांना ते येत नव्हतं, म्हणून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. युक्तिवाद म्हणून वाईट नाही. पण याचा सगळ्यात मोठा प्रतिवाद टिळक स्वतःच आहेत. रत्नागिरीत जन्मलेला, पुण्यात राहणारा एक माणूस घरबसल्या ध्रुवाचं हुबेहूब वर्णन करू शकतो. मग एखाद्या ग्रंथात ध्रुवासारखं वर्णन सापडलं, तर लिहिणारा तिथे राहून आला होता असं कसं म्हणायचं?

म्हणजे हिशोब असा लागतो: यादी बरोबर, निष्कर्ष चूक. मला यात टिळकांचा अपमान दिसत नाही. अपमान होतो तो 'सिद्ध केलं' म्हणून फॉरवर्ड करण्यात, कारण त्यात त्यांची सगळी मेहनत एका घोषणेत संपते. त्यांनी प्रत्येक आक्षेप घेऊन त्याच्याशी पानंच्या पानं झटापट केली आहे. असा माणूस नवीन पुरावा आल्यावर पुन्हा लिहायला बसला असता.

असो. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला होता. बेटांवर सार्वभौमत्व नॉर्वेचं, पण करारातल्या सगळ्या देशांच्या लोकांना तिथे समान वागणूक. त्या देशांत ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून हिंदुस्थानही होता. म्हणजे ध्रुवाच्या अंगणात पाय ठेवायचा आपला हक्क टिळकांच्या हयातीतच निदान कागदावर तरी उतरला होता. वापरायला मात्र बराच वेळ लागला.

प्रत्यक्ष ध्रुवावर गेलेल्या मराठी माणसांत पटकन आठवणारं नाव पुण्याच्या शीतल महाजनचं. १८ एप्रिल २००४ ला तिने उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून पॅराशूट उडी मारली. तापमान उणे ३७. आणि ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती! आमच्या शीटमध्ये 'रिस्क' नावाचा कॉलम आहे, तो हे वाचल्यावर जरा केविलवाणा दिसायला लागला.

आणि मग आलं गोवा. मालवणहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर वास्कोला, हेडलँड सडा इथे समुद्रालगत राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याच्या मुरगाव बंदरातूनच निघाली होती. ऑगस्ट २००७ मध्ये पाच शास्त्रज्ञांची पहिली तुकडी आर्क्टिकला गेली आणि १ जुलै २००८ ला स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंड या गावात 'हिमाद्री' हे भारताचं केंद्र सुरू झालं. अक्षांश जवळजवळ ७९. नी-ओलेसुंड हे आधी कोळशाच्या खाणीचं गाव. आमुंडसेनचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज १९२६ मध्ये इथूनच उडून ध्रुवावरून पलीकडे गेलं. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली, खाण बंद झाली, आणि गाव पुढे शास्त्रज्ञांचं झालं. २०१४ मध्ये तिथल्या फ्योर्डमध्ये भारताने समुद्राखाली मोजयंत्रांची एक साखळी सोडली. ती पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवत राहते. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं तिथल्या सलग रात्रीतही काम करायला लागली. टिळकांच्या यादीतली ती 'मोठी रात्र' गोव्याहून गेलेल्या तुकड्या आता डोळ्यांनी बघतात, आणि ती वहीत लिहिल्याप्रमाणेच निघते.

पण तिथे मोजायचं तरी कशाला, इतक्या लांब? हा प्रश्न माझ्या आज्याने मला जास्त चांगला विचारला. स्वालबार्डचं कळल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "थंय मासळी गावता काय रे?" (गावते, कॉड भरपूर.) आणि दुसरा, "आमचो पावस कधी पडतलो, ता सांगतत काय थंय?"

सांगत नाहीत. पण प्रश्न अगदी नेमका आहे. २०२१ मध्ये गोव्याच्या याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी एक संबंध मांडला. सायबेरियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ जेव्हा कमी असतो, तेव्हा वरच्या हवेतल्या लाटांचं वळण बदलतं, आणि त्याचा धागा मध्य भारतातल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीपर्यंत पोचतो. हा सांख्यिकी संबंध आहे, कार्यकारण पक्कं करायचं काम बाकी आहे. म्हणजे पुन्हा किनाऱ्याला लागलेलं लाकूड. फरक इतकाच की यावेळी बर्फात घालायला जहाज आहे. दरवर्षी नवीन आकडे येणार आणि ते 'नाही' म्हणू शकणार.

आणखी एक गोष्ट आपल्या दाराशी आहे. कोकम सरबताच्या काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ वितळला तरी सरबत सांडत नाही. तसंच ध्रुवावरचा तरंगता बर्फ वितळून समुद्र जवळजवळ वाढत नाही. ग्रीनलंडचा बर्फ मात्र जमिनीवर बसलाय. तो वितळला की बाहेरून ग्लासात ओतल्यासारखं होतं, आणि तो वितळतोय. तारकर्लीच्या पुढे देवबाग आहे, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे दर पावसाळ्यात किनारा खचतो, लोक दगडी बंधारा मागतात, बंधाऱ्यालाही लाटा ढिला करतात. या धूपेला स्थानिक कारणं आहेतच, सगळं ग्रीनलंडच्या माथी मारता येणार नाही. पण समुद्र बोटभर वर आला तर ते आधी कुणाला कळणार, हे देवबागकरांना सांगायची गरज नाही.

टिळक ध्रुवाशी आपलं नातं हजारो वर्षं मागे शोधत होते. ते तिथे सापडलं नाही. नातं आहे, पण ते आत्ताचं आहे, पावसाचं आणि पाण्याचं.

तर आमची ट्रिप. शीटमध्ये बरेच बदल झाले. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, आणि तोही दोनदा प्रवेशाचा, कारण स्वालबार्डला पोचलात की शेंगेनच्या बाहेर गेलात आणि परतताना पुन्हा आत. गावाबाहेर पांढरी अस्वलं असल्यामुळे बंदूकवाला गाईड घेतल्याशिवाय हिंडायचं नाही. गावागावांना जोडणारे रस्तेच नाहीत, उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात स्नो-स्कूटर. 'हिमाद्री' हे पर्यटनस्थळ नाही, आत शिरता येईल अशी आशा ठेवू नये. पण उन्हाळ्यात नी-ओलेसुंडला जाणाऱ्या बोटी आहेत. तिथे पोचायच्या आधी मोबाईलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणीला आपल्या खिशातल्या फोनचा गोंगाट चालत नाही. आम्हा तिघा आयटीवाल्यांना हा सगळ्यात मोठा साहसाचा भाग वाटतोय.

महिना ठरलाय सप्टेंबरचा. टिळकांच्या यादीतल्या त्या तीन भागांपैकी 'रोजचे दिवस-रात्र' हा भाग, म्हणजे थोडी रात्र मिळेल आणि ध्रुवतारा दिसेल. शीटमध्ये मी एक नवीन कॉलम टाकलाय: 'तिथे काय मोजायचं'. सध्या त्यात एकच ओळ आहे, ध्रुवताऱ्याची उंची, मुठींत. तुम्हीही पुढच्या वेळी चिवल्याच्या पुळणीवर गेलात तर जेवायला जायच्या आधी उत्तरेकडे हात करून बघा. एक मूठ, तीन बोटं. तुमचं किती आलं ते लिहून ठेवा, मी आठ मुठी मोजून आलो की ताडून पाहू.